समुद्राला सातबारा नसतो

नवापूर हे बोईसरच्या पश्चिमेचं, समुद्रकाठचं मच्छीमारांचं गाव. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी या गावाच्या किनाऱ्यावरून समुद्रात जाते. ती इथे का आली याचं सरळ उत्तर कुणाकडे नाही, कारण नवापूरचं वाईट व्हावं असं कुणी ठरवलंच नव्हतं. मुंबईची घुसमट कमी व्हावी म्हणून एक निर्णय झाला. छोट्या उद्योजकाला मोठ्यांपुढे टिकता यावं म्हणून दुसरा झाला. त्याच छोट्या उद्योजकाला सांडपाण्याचा खर्च झेपावा म्हणून तिसरा. तिन्ही निर्णय वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कार्यालयांत झाले आणि त्या त्या वेळी ते योग्यच वाटले. या तिन्हींची जी किंमत कुठल्याही फायलीत लिहिली गेली नाही, ती या किनाऱ्यावर येऊन पडली.

सरकारने अर्थव्यवस्थेत हात घातला की काय होतं, याची चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांवर अडकते. एका टोकाला ‘सरकारने लक्ष घातलंच पाहिजे’, दुसऱ्या टोकाला ‘सरकारने हात लावला की बिघडलंच’. पालघर जिल्ह्याची किनारपट्टी बघितली की दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. इथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सरकार जेव्हा एखादी गोष्ट स्वस्त करतं किंवा एखादीवर बंदी घालतं, तेव्हा वाचलेला खर्च जातो कुठे?

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात गिरण्या, गोद्या, रासायनिक कारखाने आणि माणसं या सगळ्यांचा भार एकाच बेटावर पडत होता. १९५८ मध्ये नेमलेल्या स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने हा भार हलवण्याचा विचार मांडला. पुढे १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने मुंबई-पनवेल आणि पुणे परिसराच्या नियोजनाकडे प्रादेशिक दृष्टीने पाहिलं. गाडगीळांचा आग्रह साधा होता: शहराला एकटं बघू नका, त्याच्याभोवतीचा प्रदेश घेऊन बघा. दरम्यान, महाराष्ट्र राज्य झाल्यावर १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. १९६४ मध्ये उद्योगांना मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर नेण्यासाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आली आणि १९६६ मध्ये सिकॉम ही राज्याची औद्योगिक गुंतवणूक संस्था. १९७४ पासून मुंबई महानगर प्रदेशात नवा मोठा उद्योग काढण्यावर निर्बंध आले.

या सगळ्यामागची भावना खरी होती, हे मुद्दाम नोंदवायला हवं. उद्योग एका शहरात साठू नयेत, ते मराठवाड्यात, विदर्भात, कोकणात जावेत आणि तिथल्या मुलांना गाव सोडावं लागू नये, हे त्या पिढीचं स्वप्न होतं. पण कारखानदार नकाशा पाहतो तो वेगळ्या कारणासाठी. त्याला बंदर जवळ हवं, बाजार जवळ हवा, कच्चा माल देणारा व्यापारी जवळ हवा. मुंबईत परवानगी नाही म्हटल्यावर तो गडचिरोलीला जात नाही. निर्बंधाची रेषा जिथे संपते तिथून पुढचं पहिलं सोयीचं ठिकाण तो शोधतो. बोईसर तसं होतं. चर्चगेटपासून रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर, पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गावर, गुजरातच्या रसायनपट्ट्याच्या वाटेवर, आणि त्या वेळच्या महानगर प्रदेशाच्या बाहेर. तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालेलं होतं. सूर्या नदीचं पाणी उपलब्ध होतं. सत्तरच्या दशकात एमआयडीसीने इथे भूखंड पाडले, रस्ते केले, पाण्याच्या वाहिन्या टाकल्या. आज इथे हजाराहून अधिक कारखाने आहेत: औषधं, रंग, रसायनं, कापडावरची प्रक्रिया, पोलाद. उद्योग पांगले खरे, पण मुंबईच्या उंबऱ्याबाहेरच एका जागी पुन्हा साठले.

यातला अर्थशास्त्राचा भाग पाहू. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये एक मुद्दा नीट मांडला. एखाद्या उत्पादनाची किंमत उत्पादकाला जेवढी पडते आणि समाजाला जेवढी पडते, त्यांत फरक असू शकतो. कारखान्याच्या वहीत मजुरी येते, वीज येते, कच्चा माल येतो. खाली राहणाऱ्याच्या विहिरीचं पाणी लाल झालं, ते वहीत येत नाही. पिगूंचा उपाय असा की सरकारने कर लावून ही तफावत भरून काढावी. तारापूरला सरकारने नेमका उलटा क्रम धरला. भूखंड, रस्ता, पाणी आणि वीज सरकारने पुरवली, म्हणजे कारखान्याच्या वहीतला खर्च कमी केला. वहीबाहेरचा खर्च होता तिथेच राहिला. कारखाने जसे वाढले तसा तोही वाढत गेला.

कायदे नव्हते असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलं. केंद्राचा कायदा आला तो १९७४ मध्ये. म्हणजे उद्योगांना बोलावणारा हात आणि त्यांना आवरणारा हात साधारण एकाच काळात तयार झाले. फरक ताकदीचा होता. बोलावणाऱ्याकडे जमीन होती, पैसा होता आणि ‘इतके भूखंड दिले, इतके रोजगार आले’ असं सांगण्याजोगं यश होतं. आवरणाऱ्याकडे नोटिसा होत्या. एखादी दुर्घटना टळली किंवा एखादी खाडी वाचली, तर ती कुठल्याही अहवालात यश म्हणून दिसत नाही.

आता दुसरा निर्णय. १९६७ मध्ये केंद्र सरकारने ४७ वस्तू केवळ लघुउद्योगांनी बनवायच्या असं ठरवलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही यादी ८०० च्या पुढे गेली. तिच्यात अनेक रसायनं आणि रंगद्रव्यंही होती. शेवटच्या २० वस्तू यादीतून निघाल्या त्या थेट २०१५ मध्ये. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक ठरावीक मर्यादेच्या आत ठेवली की आरक्षण मिळे, उत्पादनशुल्कात सवलत मिळे. मर्यादा ओलांडली की दोन्ही जात. साहजिकच वाढता धंदा एका छपराखाली वाढण्याऐवजी दोन नावांनी, दोन भूखंडांवर वाढायचा. शिवणकाम, खेळणी, लाकडी सामान यांच्या बाबतीत याने फार तर कार्यक्षमता घटली असेल. रसायनांच्या बाबतीत परिणाम जास्त खोल गेला. आम्लयुक्त पाणी निवळवायची टाकी, ते तपासायला प्रयोगशाळा, ती चालवायला शिकलेला माणूस, हा खर्च कारखाना लहान आहे म्हणून लहान होत नाही. शंभर टन माल काढणाऱ्याला तो परवडतो. पाच टन काढणाऱ्या वीस जणांना वेगवेगळा परवडत नाही आणि त्यांच्या भूखंडावर त्याला जागाही नसते. लघुउद्योगाला जपणारं धोरण लघुउद्योगालाच स्वच्छ राहणं अवघड करत होतं. धोरण आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कारागीर होता. ते लागू मात्र नायट्रो संयुगं हाताळणाऱ्या कारखान्यालाही झालं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ मध्ये हेतुपूर्वक केलेल्या कृतींच्या अनपेक्षित परिणामांवर एक निबंध लिहिला. त्यांनी दिलेल्या कारणांतलं एक मला तारापूरच्या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. परिणाम दिसत नाहीत ते दर वेळी अज्ञानामुळेच असं नाही. समोरचं तातडीचं हित इतकं जवळचं असतं की लांबचे परिणाम बघायची इच्छाच होत नाही. १९७० च्या आसपास बेकारी समोर दिसत होती आणि समुद्र अथांग वाटत होता.

तिसरा निर्णय या दुसऱ्याच्या परिणामांवर उतारा म्हणून आला. १९९१ मध्ये केंद्राने सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी, म्हणजे सीईटीपींसाठी, अनुदानाची योजना सुरू केली. खर्चाचा चौथा हिस्सा केंद्राचा, चौथा राज्याचा, उरलेला अर्धा उद्योगांचा. एकट्याला न परवडणारी टाकी सगळ्यांनी मिळून बांधावी, ही कल्पना मला आजही चांगली वाटते. तारापूरच्या सीईटीपीची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर झाली. वसाहतीतून येणारं पाणी मात्र तिच्याहून जास्त असायचं आणि ते आधी ठरल्यापेक्षा अधिक विषारीही असायचं.

असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक कारखान्याने आपल्या दारात प्राथमिक प्रक्रिया करावी आणि मगच पाणी सामायिक वाहिनीत सोडावं, अशी रचना असते. पण पाणी एकदा त्या वाहिनीत शिरलं की ते कुणाचं, हे सांगता येत नाही. प्राथमिक प्रक्रियेचा खर्च वाचवला तर पूर्ण फायदा वाचवणाऱ्याला मिळतो, आणि बिघडलेल्या पाण्याचा दोष शेकडो जणांत वाटला जातो. प्रामाणिकपणे खर्च करणारा कारखानदार बाजारात महाग ठरतो. तारापूरला असे कारखानदार आहेत. या व्यवस्थेचा सर्वांत मोठा अन्याय मच्छीमारांनंतर त्यांच्यावरच झाला आहे. वर्षानुवर्षं नियम पाळणाऱ्याला शेजाऱ्याच्या पापाचा वाटेकरी व्हावं लागलं. सीईटीपी भरून वाहू लागली की पाणी पावसाळी नाल्यांत जाई आणि नाल्यांतून खाड्यांत. टँकरमधून रात्रीत कुठल्या तरी ओढ्यात रसायन ओतल्याच्या बातम्या पालघर-मनोर परिसरात नव्या नाहीत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक परिसरांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा तारापूरला ७२.०१ गुण होते. ७० च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. जानेवारी २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा परिसरांत नव्या आणि विस्ताराच्या प्रकल्पांना पर्यावरण परवानगी देणं थांबवलं. हाही हस्तक्षेपच, आणि यालाही आपली किंमत होती. अशा बंदीत दारावरचा नवा कारखाना अडतो, आतला जुना चालू राहतो. नवा माणूस कदाचित चांगलं तंत्र घेऊन आला असता. आतल्या जुन्यावरचा स्पर्धेचा दाबही कमी होतो. ही बंदी पुढे उठली. २०१८ च्या मूल्यमापनात तारापूरचा निर्देशांक ९३.६९ वर गेला. त्या यादीतल्या १०० औद्योगिक परिसरांत तो सर्वांत जास्त होता.

मच्छीमारांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले. शेवटी २०१६ मध्ये मच्छीमार मांगेला समाजाची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने नेमलेल्या समितीने २०२० मध्ये नुकसानीचा आकडा मांडला: दीडशे कोटी रुपयांहून जास्त, शंभराहून अधिक कारखान्यांवर आणि सीईटीपीवर मिळून. जानेवारी २०२२ मध्ये लवादाचा निकाल आला. तोवर वसाहत जवळपास पन्नास वर्षांची झाली होती. हा आकडा बरोबर की चूक, कमी की जास्त, यावर वाद होऊ शकतो आणि झालाही. मला त्याचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी वाटतं. किनाऱ्यावर पडलेला खर्च त्या आकड्याने रुपयांत लिहिला गेला.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये पिगूंना वेगळं उत्तर दिलं होतं. हक्क कुणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करायला फारसा खर्च येत नसेल, तर त्रास देणारा आणि सोसणारा आपसांत तोडगा काढू शकतात. सरकारची दरवेळी गरज नाही. नवापूर, दांडी, उच्छेळी, मुरबे, सातपाटी या गावांना हे लावून बघा. एका बाजूला शेकडो कारखाने, दुसऱ्या बाजूला हजारो घरं. कुणाच्या पाण्याने कुणाचं जाळं रिकामं आलं, हे सिद्ध कसं करायचं? आणि हक्क? शेतकऱ्याच्या जमिनीला सातबारा असतो. एक गुंठा गेला तरी तलाठ्याकडे नोंद होते, मोबदल्याची मागणी होते. मांगेला किंवा वैती कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात डोल जाळं लावत आलं, त्या पाण्याचा उतारा कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. सरकारी हस्तक्षेपाचा न मोजलेला खर्च नेहमी अशा जागी जाऊन साचतो, जिथे कागद नाही.

अक्करपट्टी आणि पोफरण या गावांनी याचं दुसरं रूप पाहिलं. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, २००५ (चौथी) आणि २००६ (तिसरी) मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी ही दोन गावं उठवली गेली आणि समुद्रापासून आत वसवली गेली. घरं, रस्ते, शाळा, नोकऱ्या यांवरून उच्च न्यायालयात दीर्घकाळ भांडण चाललं. पुनर्वसनात घराच्या बदल्यात घर देता येतं. भरती-ओहोटीच्या वेळा बघून दारातून उठून खाडीवर जाता येणं, यासाठी पुनर्वसनाच्या नियमांत रकाना नाही. वीज देशाला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती किती स्वस्त पडली हा हिशोब मात्र या दोन गावांना वगळून केला गेला.

सूर्या नदीवरच्या प्रकल्पाची गोष्टही अशीच आहे. धामणी आणि कवडास इथली धरणं डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी बांधली, आणि त्यांत आदिवासी पाडे उठले. पुढे त्याच पाण्यावर औद्योगिक वसाहत, मग वसई-विरार, मग मीरा-भाईंदर यांनी हक्क सांगितला. शहरांची तहान खरी आहे, पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या वारली शेतकऱ्याला पाणी कमी आलं, तर त्याची नोंद पाणीपुरवठ्याच्या यशोगाथेत होत नाही.

इथे एक गुंतागुंत सांगितलीच पाहिजे, नाहीतर चित्र खोटं होईल. मासळी घटली ती एकट्या रसायनांमुळे नाही. सरकारने मच्छीमारांनाही मदत केली आहे: यांत्रिक बोटींसाठी कर्जं दिली, डिझेलवरच्या कराचा परतावा दिला. त्या मदतीने सातपाटीसारख्या गावात पैसा आला, पक्की घरं आली, मुलं शिकली. बोटीही वाढल्या, इंजिनं मोठी झाली, जाळ्यांचे आस बारीक झाले आणि वाढ न झालेली पापलेटं पकडली जाऊ लागली. स्वस्त डिझेलमुळे बोटी लांब जाऊ शकल्या, त्यामुळे जवळचा समुद्र ओस पडतोय हे उशिरा टोचलं. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. सातपाटीच्या मच्छीमारांची ती मागणी होती. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला गेला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. आता नवापूरच्या जाळ्यातली घट किती सांडपाण्याची आणि किती बारीक आसाच्या जाळ्याची, हे वेगळं काढणं अवघड होऊन बसलं आहे. एका अनुदानाच्या परिणामामागे दुसऱ्या अनुदानाचा परिणाम लपतो, आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मग सरकारने काही करूच नये का? तसं म्हणणं सोपं आहे, पण या किनाऱ्यावर ते टिकत नाही. तारापूरच्या उत्तरेला खाडी ओलांडली की चिंचणी लागते आणि डहाणू तालुका सुरू होतो. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. चिकूच्या वाड्या, बागायत आणि मासेमारी तिथे टिकली, त्याचं बरंच श्रेय या हस्तक्षेपाला आहे. एकाच किनाऱ्यावर, मध्ये एक खाडी, आणि दोन्ही बाजूंना सरकारच. उत्तरेकडच्या प्राधिकरणापुढे एखादा प्रकल्प आला की त्याने काय मिळेल याबरोबर काय जाईल हाही प्रश्न विचारला जाई, आणि तो विचारणाऱ्याच्या हातात नकाराचा अधिकार होता. दक्षिणेकडे हा प्रश्न विचारायला मच्छीमारांना स्वतः लवादापर्यंत जावं लागलं.

डहाणूच्या या प्राधिकरणाने १९९८ मध्ये तालुक्यातल्या वाढवण इथल्या बंदराला नकार दिला होता. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने नव्या स्वरूपातल्या बंदराला संमती दिली, १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली. समुद्रात भराव घालून १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची योजना आहे. मालवाहतूक किती वाढेल, रोजगार किती येतील, याचे आकडे मंजुरीच्या कागदांत आहेत. भरपाईचा प्रश्न मात्र पुन्हा तिथेच येऊन थांबतो: कुणाचं किती गेलं, हे कशावरून ठरवायचं?

सातपाटीच्या सहकारी संस्था अनेक दशकं पापलेट प्रतवारी करून, वजन करून विकत आल्या आहेत. त्यामुळे त्या माशापुरता तरी समुद्राचा थोडासा हिशोब वह्यांत सापडतो. ओहोटीला खडकांवरून कालवं फोडणाऱ्या, खाडीच्या चिखलात शिवल्या वेचणाऱ्या आणि टोपली डोक्यावर घेऊन लोकलने बाजार गाठणाऱ्या बायकांची कमाई कुठल्याच वहीत नाही. भराव पडायच्या आधी, गावागावांत, हंगामाहंगामाने ती कमाई लिहून घ्यायला हवी. हे काम किचकट आहे, पण अशक्य नाही. सातपाटीच्या संस्थांनी पापलेटपुरतं ते करून दाखवलं आहे. प्रकल्पाच्या खर्चाच्या मानाने त्याला लागणारा पैसा नगण्य आहे. ते भराव पडल्यानंतर करायला घेतलं, तर मोजायला तिथे काही उरलेलं नसेल, आणि भरपाई मागायला आलेल्या बाईला पुन्हा पुरावा विचारला जाईल.